सान क्लेमेंते : एका चर्चच्या पोटातली दोन हजार वर्षे

देऊळ जुने झाले की आपल्याकडे जीर्णोद्धार करतात. गावकरी वर्गणी काढतात, पाथरवट येतात, जुने दगड उतरवले जातात, आणि चार-पाच वर्षांत त्याच जागी नवे, रंगवलेले देऊळ उभे राहते. जुन्या देवळाचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एखादा वीरगळ पाराला टेकवून ठेवलेला असतो, एखादा कोरीव दगड विहिरीच्या काठी धुणे धुवायला उपयोगी पडतो. तेवढीच काय ती आठवण.

रोम शहरात मात्र असा एक जीर्णोद्धार आहे की ज्यात जुने काही उतरवलेच नाही. जुन्या चर्चचा वरचा भाग तेवढा कापला, उरलेल्यात दगडमाती ठासून भरली आणि त्या भरावावर नवे चर्च उभारले. पुढे साडेसातशे वर्षे लोक वरच्या चर्चमध्ये प्रार्थना करीत राहिले. पायांखाली तेवढेच मोठे दुसरे चर्च आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. आणि त्या दुसऱ्याच्याही खाली तिसरे काही होते.

या चर्चचे नाव सान क्लेमेंते. कोलोसियम पाहून लॅटेरनच्या मोठ्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर ते लागते. सेंट पीटर्सला जाणारी गर्दी इकडे फारशी फिरकत नाही. काही वर्षांपूर्वी रोमला जाण्याचा योग आला, तेव्हा आमच्या हाती दोनच दिवस होते. त्यांतला एक अख्खा पूर्वार्ध मी या चर्चमध्ये घालवला. बरोबरची मंडळी वैतागली. पण दोन भाषांच्या सीमेवर जन्म काढलेल्या माणसाला तिथे जे सापडते, ते इतरत्र सापडेल असे मला वाटत नाही. ते काय, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वरचा मजला

रस्त्यावरचे दार बाजूचे आहे. खरा दर्शनी भाग पलीकडे आहे आणि त्याच्यापुढे चारी बाजूंनी बंदिस्त असे अंगण आहे; आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी असे. आत शिरल्यावर पहिल्याप्रथम नजर जाते ती छताकडे. सोन्याचा मुलामा दिलेले हे छत अठराव्या शतकातले. पोप अकरावे क्लेमेंट यांच्या कारकिर्दीत, १७१३ ते १७१९ या काळात, कार्लो स्तेफानो फोंताना या वास्तुकाराने चर्चची डागडुजी केली, त्या वेळचे. ते पाहून झाले की मान खाली करावी. कारण खरे धन खाली आहे.

मधल्या सभामंडपात पांढऱ्या संगमरवरी फळ्यांचा एक कठडा आहे. भजन म्हणणाऱ्या धर्मसेवकांसाठी राखलेली ही जागा. या फळ्या सहाव्या शतकातल्या. म्हणजे त्या ज्या चर्चमध्ये आहेत त्यापेक्षा सुमारे साडेपाचशे वर्षांनी जुन्या. खालचे चर्च बुजवताना तिथला कठडा काढून वर आणून बसवला. त्यावर पोप दुसरा जॉन याची नाममुद्रा आहे. हा इ. स. ५३३ ते ५३५ या काळात पोप होता. त्याआधी तो याच चर्चचा पुरोहित होता आणि त्याचे नाव मर्क्युरिअस होते. मर्क्युरी हा तर रोमनांचा जुना देव! ख्रिस्ती धर्माच्या सर्वोच्च आसनावर जुन्या देवाच्या नावाने कसे बसायचे, म्हणून त्याने नाव बदलले. पोपने पदावर येताच नवे नाव घ्यायचे, हा रिवाज आज सर्व जगाला ठाऊक आहे. त्या रिवाजाचा पहिला मानकरी हा सान क्लेमेंतेचा मर्क्युरिअस.

कठड्यापलीकडे अर्धवर्तुळाकार गाभारा आहे आणि त्याच्या घुमटीवर बाराव्या शतकाच्या आरंभीचे मोझेइक. काचेचे आणि दगडाचे बारीक तुकडे जोडून केलेले हे चित्र सोनेरी पार्श्वभूमीवर झळकत असते. मध्यभागी क्रूस आहे. त्यावर ख्रिस्त, आणि क्रूसाच्या काळ्या-निळ्या लाकडावर बारा पांढरी कबुतरे. हे बारा शिष्य. दोन्ही बाजूंना माता मेरी आणि योहान. पण पाहणाऱ्याला खिळवून ठेवते ती क्रूसाच्या पायथ्याशी उगवलेली वेल. तिचे विळखे साऱ्या घुमटीभर पसरले आहेत. वधस्तंभाचे येथे जीवनवृक्षात रूपांतर झाले आहे. त्याच्या मुळाशी चार नद्या उगम पावतात आणि दोन हरणे त्यांचे पाणी पितात. वेलीच्या विळख्यांतून पक्षी आहेत, धर्मपंडित पोथ्या घेऊन बसले आहेत, मेंढपाळ आहेत, आणि एका कोपऱ्यात एक बाई कोंबड्यांना दाणे टाकते आहे. जगाच्या उद्धाराचे एवढे मोठे चित्र, पण त्यातही कोंबड्यांना दाणे टाकणारीला जागा ठेवायला तो कारागीर विसरला नाही.

दाराजवळच्या एका लहान उपमंदिरात फ्लॉरेन्सकडच्या मासोलिनो या चित्रकाराने पंधराव्या शतकात, १४२८ ते १४३१ च्या सुमारास, रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन पन्नास पंडितांशी वाद घालते, बोटांवर मुद्दे मोजून दाखवते, असा त्यातला एक प्रसंग आहे. मासोलिनोला त्याचा तरुण सहकारी मासाच्चो याने येथे मदत केली असावी, असे काही जाणकार मानतात. मासाच्चो १४२८ मध्ये रोममध्येच ऐन उमेदीत वारला. युरोपच्या चित्रकलेला नवे वळण देणाऱ्यांत त्याचे नाव घेतात.

एवढे पाहून परत फिरले असते तरी पैसे वसूल झाले असते. १८५७ पर्यंत सारे जग एवढेच पाहून परत फिरत होते.

आयरिश फादरची कुदळ

संत जेरोम याने इ. स. ३९२ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की क्लेमेंटची आठवण जपणारे एक चर्च रोममध्ये आहे. लोकांची समजूत अशी, की वरचे हेच ते जेरोमच्या वेळचे चर्च. पण जाणत्यांना काही गोष्टी खटकत होत्या.

सान क्लेमेंते १६७७ पासून आयर्लंडच्या डॉमिनिकन पंथाच्या साधूंकडे आहे. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्मावर इंग्रजी अंमलाची वक्रदृष्टी होती. मठ बंद पडले, साधू परागंदा झाले. अशा देशोधडीला लागलेल्या मंडळींना रोममध्ये आसरा मिळाला तो या चर्चच्या रूपाने. त्याच परंपरेतले फादर जोसेफ मुलूली. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी हे थोर पुरातत्त्वज्ञ त्या सुमारास रोमची भुयारी दफनस्थाने धुंडाळत होते. त्यांचे प्रोत्साहन मुलूलींना मिळाले. १८५७ मध्ये फादरनी फरशीखाली खणायला सुरुवात केली.

आधी लागल्या त्या भिंती. मग भिंतींवर रंग. मग रंगांत चेहरे. जेरोमच्या वेळचे खरे चर्च जमिनीखाली भरावात उभे होते. हे काम सोपे नव्हते. भराव काढायचा म्हणजे वरच्या चर्चच्या पायाखालची माती काढायची! जितके खणावे तितके विटांचे खांब आणि कमानी बांधून वरचा भार तोलावा लागला. आज खाली फिरताना मूळ रचना चटकन ध्यानात येत नाही, ती या आधारभिंतींमुळेच. खालचे चर्च वरच्यापेक्षा रुंद आहे, हेही चालता चालता कळते.

ते बुजवले का? पूर्वी उत्तर ठरलेले असे. १०८४ मध्ये रॉबर्ट गिस्कार्ड हा नॉर्मन सरदार पोप सातवे ग्रेगरी यांच्या मदतीला आला आणि त्याच्या सैन्याने रोमचा हा भाग जाळला. त्यात चर्च उद्ध्वस्त झाले. पण खालच्या भित्तिचित्रांवर आगीची धग लागल्याच्या खुणा नाहीत. म्हणून अलीकडचे अभ्यासक वेगळी कारणे सांगतात. रस्ते आणि आसपासची जमीन शतकानुशतके उंचावत गेल्याने जुने चर्च खोलात गेले होते, हे एक. दुसरे राजकारणाचे. त्या काळी पोप आणि जर्मन सम्राट यांच्यात उभा दावा होता. सम्राटाने आपला एक प्रतिपोप बसवला होता आणि त्याने नाव घेतले होते तिसरा क्लेमेंट. तो ११०० साली वारला. खरा पोप दुसरा पास्कल हा आधी याच चर्चचा कार्डिनल होता आणि १०९९ मध्ये त्याची निवडही येथेच झाली. प्रतिस्पर्ध्याच्या पक्षाचा वास येणाऱ्या भिंती बुजवून त्यांवर स्वच्छ नवे चर्च बांधणे पास्कलच्या पक्षाला सोयीचे झाले असावे, असे काहींचे मत आहे. राज्य बदलले की आधी पाट्या बदलतात, हा अनुभव काही आपलाच आहे असे नव्हे.

बेनोची भिंत

पायऱ्या उतरून खाली गेले की हवा गार होते. येथली भित्तिचित्रे वेगवेगळ्या शतकांतली आहेत. एका चित्रात ख्रिस्ताचे स्वर्गारोहण आहे आणि कडेला पोप चौथा लिओ उभा आहे. त्याच्या डोक्यामागचे तेजोवलय गोल नसून चौकोनी आहे. चौकोनी वलय म्हणजे चित्र काढले तेव्हा तो माणूस हयात होता अशी खूण. या एका खुणेमुळे ते चित्र नवव्या शतकाच्या मध्यावरचे हे निश्चित होते.

पण या चर्चची कीर्ती आहे ती अकराव्या शतकाच्या अखेरच्या चित्रांमुळे. म्हणजे चर्च बुजवण्याच्या थोडीच वर्षे आधी काढलेल्या. ती काढवून घेणारे कोणी राजे वा बिशप नव्हते. बेनो दे रापिझा हा गृहस्थ आणि त्याची बायको मारिया, हे ते जोडपे. मारियाला माचेल्लारिया म्हटले आहे; या नावाचा धागा मांसबाजाराशी जुळतो. एका चित्राखाली हे सारे कुटुंब हातात मेणबत्त्या घेऊन उभे आहे. मुलगी अल्तिलिया आणि छोटा क्लेमेंट. देवळाच्या पायरीवर नवराबायकोचे नाव कोरून घ्यायची आपल्याकडची हौस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे कुटुंब लगेच ओळखीचे वाटेल.

त्या कुटुंबाच्या वरचा प्रसंग असा. क्लेमेंट हा पीटरनंतरच्या पहिल्या पोपांपैकी एक. त्याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला इ. स. ९६ च्या सुमारास लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्याच्या मृत्यूची मात्र दंतकथाच आहे. सम्राट ट्राजनने त्याला काळ्या समुद्रावर क्रिमियाला हद्दपार केले आणि पुढे गळ्यात नांगर बांधून समुद्रात बुडवले. दर वर्षी एक दिवस समुद्र मागे हटे आणि त्याची समाधी उघडी पडे. एका वर्षी एका आईचे मूल गडबडीत तिथेच राहिले आणि पाणी परत आले. वर्षाने समुद्र हटला तेव्हा मूल जिवंत होते. चित्रात आई वाकून मुलाला उचलते आहे आणि भोवताली समुद्राचे मासे पोहत आहेत.

दुसऱ्या एका भिंतीवर अलेक्सिसची कथा आहे. श्रीमंताचा हा मुलगा संसार सोडून निघून गेला. वैरागी होऊन परत आला आणि बापाच्याच वाड्यात जिन्याखाली भिकारी म्हणून सतरा वर्षे राहिला. कोणी ओळखले नाही. मेल्यावर हातातल्या चिठ्ठीवरून कळले. ही कथा आपल्या एखाद्या कीर्तनकाराने सांगितली असती तर कोणाला परकी वाटली नसती.

एका शिवीची गोष्ट

आता ज्या चित्रासाठी मी खाली उतरलो होतो ते. सिसिन्नियस हा रोमचा बडा अधिकारी. त्याची बायको थिओडोरा ख्रिस्ती झाली आणि चोरून क्लेमेंटच्या प्रार्थनेला जाऊ लागली. सिसिन्नियस तिच्या मागोमाग तिथे शिरला आणि तत्क्षणी आंधळा नि बहिरा झाला. पुढे क्लेमेंटने प्रार्थना करून त्याला बरे केले. पण उपकार मानायचे सोडून हा भडकला, आणि 'या मांत्रिकाला बांधून ओढत न्या' असा त्याने नोकरांना हुकूम सोडला. नोकरांना भ्रम झाला. क्लेमेंट समजून त्यांनी एका दगडी खांबाला दोर बांधला आणि तोच ओढू लागले.

चित्राचे तीन पट्टे आहेत. वरच्यात क्लेमेंटला पोपच्या आसनावर बसवतात. पण वरची फरशी घालताना या पट्ट्यातल्या लोकांची डोकीच उडाली आहेत. मधल्यात प्रार्थना चालू आहे आणि आंधळ्या सिसिन्नियसला हात धरून बाहेर नेत आहेत. सर्वांत खाली खांब ओढण्याचा प्रसंग. येथे चित्रकाराने पात्रांच्या जवळ त्यांचे बोलणे लिहिले आहे. हल्लीच्या चित्रकथांत लिहितात तसे. गोस्मारी आणि अल्बेर्तेल्लो हे दोघे नोकर दोर ओढत आहेत, कार्वोंचेल्लो मागून पहार घालून रेटतो आहे, आणि मालक सिसिन्नियस ओरडतो आहे. काय ओरडतो आहे? आईवरून एक सणसणीत शिवी देऊन 'ओढा!' म्हणतो आहे.

चर्चच्या भिंतीवर शिवी! आणि तीही लॅटिनमध्ये नाही. ती आहे त्या काळच्या रोमच्या रस्त्यावरच्या बोलीत, जिला पुढे इटालियन म्हणू लागले. त्या बोलीचे जे अगदी आरंभीचे लेखी नमुने शिल्लक आहेत, त्यांत या भिंतीची गणना होते. दांतेचे महाकाव्य यानंतर दोनशे वर्षांनी आले. आणि याच्या आधीचा जो प्रसिद्ध नमुना, तोही कोणा कवीचा नाही. ९६० साली कापुआ येथे एका मठाच्या जमिनीचा दावा चालला होता. निकालपत्र लॅटिनमध्ये लिहिले. पण साक्षीदार जे वाक्य आपल्या बोलीत बोलले, ते कारकुनाने जसेच्या तसे उतरवून घेतले. शेताच्या बांधाचा वाद आणि नोकरांवरची शिवीगाळ : एका थोर भाषेच्या जन्मपत्रिकेतल्या या दोन नोंदी.

भिंतीवर क्लेमेंटचे बोलणेही आहे. तो संत असल्यामुळे लॅटिन बोलतो. तुमची अंतःकरणे कठोर झाली म्हणून दगड ओढणे तुमच्या वाट्याला आले, असा त्याचा आशय. गंमत अशी, की या लॅटिनात व्याकरणाच्या चुका आहेत. लिहिणाऱ्याला लॅटिन लिहायचे होते, पण ती भाषा त्याच्या जिभेवर उरली नव्हती. संताची भाषा अडखळते आणि कार्वोंचेल्लोची भाषा धावते.

त्या भिंतीसमोर उभा असताना मला आपल्याकडचे घर आठवले. आमच्या बेळगाव-खानापूर भागातले मूल पुण्याला मामाकडे जाते, 'काय करालास?' म्हणून विचारते, आणि सगळी भावंडे हसतात. ही कसली मराठी, कानडीची भेसळ झालेली! मूल घरी येते आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. मीही त्या मुलांपैकीच एक होतो, आणि पुढे शिक्षक झाल्यावर वर्गात दुसऱ्यांच्या मुलांची हीच बोली लाल शाईने कापणाराही मीच होतो. रोमच्या पंडितांच्या लेखी कार्वोंचेल्लोची बोली म्हणजे बिघडलेले लॅटिनच होते. नऊशे वर्षांनी सारे जग त्या बिघडलेल्या बोलीसाठी पायऱ्या उतरून येते आणि चुकीच्या लॅटिनकडे पाहून हसते.

सिरिलची समाधी

या खालच्याच चर्चमध्ये भाषेचा आणखी एक मोठा माणूस विसावला होता. मूळ नाव कॉन्स्टन्टाइन, साधू झाल्यावरचे नाव सिरिल. थेस्सलोनिका या ग्रीक शहरात नवव्या शतकात जन्मला. त्या शहराच्या आसपास स्लाव लोकांची वस्ती होती आणि सिरिल व त्याचा भाऊ मेथोडियस यांना ग्रीकबरोबर स्लाव बोलीही येत असे. ही माणसेही दुभाषी मुलखातलीच.

८६३ च्या सुमारास मोराव्हियाच्या रास्तिस्लाव राजाने कॉन्स्टँटिनोपलला निरोप धाडला, की आमच्या लोकांना आमच्या भाषेत धर्म सांगणारा कोणी पाठवा. हे दोघे बंधू निघाले. स्लाव भाषेला लिपी नव्हती; सिरिलने ती तयार केली. तिला ग्लागोलितिक म्हणतात. रशियन, बल्गेरियन ज्या लिपीत लिहितात ती सिरिलिक लिपी पुढे बल्गेरियात शिष्यांच्या परंपरेत घडली आणि गुरूच्या नावाने ओळखली गेली.

स्लाव भाषेत प्रार्थना होऊ लागताच विरोध सुरू झाला. व्हेनिसला धर्मपंडितांनी सिरिलला घेरले. देवाची स्तुती करायला तीनच भाषा योग्य : हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन, चौथी तू कुठून आणलीस? सिरिलने उलट विचारले, की देवाचा पाऊस सर्वांवर सारखाच पडतो ना? सूर्य सर्वांसाठीच उगवतो ना? मग तीनच भाषांना तोंड देऊन बाकीच्या लोकांना आंधळे-बहिरे ठेवायला तुम्हांला लाज कशी वाटत नाही? त्याच्या चरित्रात हा वाद सविस्तर आला आहे.

पुढे दोघे बंधू रोमला आले. त्यांच्यापाशी एक अनमोल भेट होती. क्रिमियात असताना सिरिलने क्लेमेंटच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थी शोधून काढल्या होत्या. पोप दुसरा एड्रियन याने त्यांचे स्वागत केले आणि स्लाव भाषेतल्या प्रार्थनेला मान्यता दिली. १४ फेब्रुवारी ८६९ रोजी सिरिल रोममध्येच वारला. वय अवघे बेचाळीस. देह घरी न्यावा, असे आईला दिलेले वचन होते, म्हणून मेथोडियस तो मागू लागला. ते जमेना, तेव्हा त्याने विनंती केली, की निदान क्लेमेंटच्या चर्चमध्ये तरी त्याला जागा द्या. ती मिळाली. अस्थी वाजतगाजत आणल्याचा प्रसंगही बेनोच्या कुटुंबाने भिंतीवर काढवून घेतला आहे. त्यातल्या मजकुरात पोपचे नाव निकोलस असे पडले आहे. तो तर आधीच, ८६७ मध्ये, वारला होता. दोनशे वर्षांनी एवढी चूक चालायचीच.

सिरिलच्या मागे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ८८५ मध्ये मेथोडियस वारला आणि त्याच वर्षी पोप पाचवा स्टीफन याने स्लाव भाषेतील उपासनेला बंदी केली. शिष्यांना मोराव्हियातून हाकलले. ते बल्गेरियाकडे गेले आणि तिथे रोप नव्याने लागले. आज सिरिलच्या समाधीच्या जागेभोवती स्लाव देशांनी कृतज्ञतेने बसवलेल्या पाट्या आहेत. कुठली लिपी कुठल्या देशाची हे ओळखत तिथे बराच वेळ जातो. १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी दोघा बंधूंना युरोपचे सहसंरक्षक संत म्हणून घोषित केले. ते स्वतः पोलंडचे, म्हणजे स्लावच.

हा सगळा वाद आपल्या अंगणातही झाला आहे. फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, १५७५ मध्ये रोममध्ये त्यांनी जेझुइट पंथात प्रवेश केला, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे दहा हजारांवर ओव्यांचे ख्रिस्तपुराण राशोलला छापून निघाले, मराठीत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक बोली सोडून पोर्तुगीजच बोलावी, असा हुकूम काढला. एका पिढीने दार उघडावे, पुढच्या पिढीने लावून घ्यावे. पण आपल्याच मुलखाने याला दुसरे उत्तरही दिलेले आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडराजाने ही मूर्ती करविली, एवढेच वाक्य कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. तिथे कोणी कोणाला खोडलेले नाही. देवाच्या पायाशी तिन्ही भाषांना जागा पुरली.

सर्वांत खाली

अजून एक जिना उरला. १८६७ मध्ये मुलूलींच्या माणसांना चौथ्या शतकातल्या चर्चच्याही खाली खोल्या लागल्या. नीरोच्या काळी, इ. स. ६४ मध्ये, रोमला प्रचंड आग लागली होती. तीनंतर बांधलेल्या या दोन इमारती. एक भक्कम दगडांची आणि दुसरी विटांची. मधून माणूस जेमतेम जाईल अशी बोळ. आज आपण त्या बोळातून चालतो. डोक्यावर आकाश असायचे, तिथे दोन चर्चे आहेत.

विटांच्या इमारतीच्या आतल्या चौकात पुढे मित्र देवाचे देऊळ झाले. रोमन त्याला मिथ्रास म्हणत. इराणी मिथ्र आणि वेदांतला मित्र यांच्या नावाचेच हे रोमन रूप; मात्र रोममधला पंथ इराणातल्या उपासनेपेक्षा बराच वेगळा होता आणि त्यांचे नाते नेमके किती, यावर विद्वानांत एकमत नाही. खोली गुहेसारखी, बुटक्या कमानदार छताची. दोन्ही बाजूंना दगडी ओटे; त्यांवर बसून पंथाचे लोक एकत्र जेवत. मध्ये वेदी, आणि तिच्यावर बैलाचा वध करणारा मित्र कोरलेला. दोन बाजूंना दोन दिवटीवाले. एकाची दिवटी वर, दुसऱ्याची खाली. दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या आणि प्रवेश फक्त पुरुषांना. शिपाई, जकातीवरचे लोक, गुलाम यांच्यात हा पंथ साम्राज्यभर पसरला होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली, देऊळ बुजले आणि चर्चचा गाभारा नेमका त्याच इमारतीवर आला.

आणि येथे पाणी वाजते. भिंतीआड कुठेतरी झरा आहे. मुलूलींच्या वेळी या खोल्या पाण्याने भरून जात आणि काम अडे. शेवटी १९१२ ते १९१४ या काळात फादर लुई नोलन यांनी सुमारे सातशे मीटर लांबीचे भुयार खणून ते पाणी रोमच्या प्राचीन महागटाराला नेऊन जोडले. तेव्हापासून पाणी वाट काढून जाते. पण त्याचा खळखळाट ऐकू येत राहतो.

त्या अंधारात उभे राहून मी वरचा हिशेब मांडला. सर्वांत खाली बैल मारणारा देव, त्याच्यावर देशोदेशींच्या पाट्यांमधली सिरिलची जागा आणि कार्वोंचेल्लोची शिवी, त्याच्यावर कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई, आणि या सगळ्याची राखण करायला आपल्या देशातून हाकलले गेलेले आयरिश साधू. कोणीही कोणाला मुद्दाम जपले नव्हते. प्रत्येकाने आधीच्यावर भरावच घातला. पण भराव घालताना भिंती पाडल्या नाहीत, म्हणून त्या सापडल्या.

वर आलो तेव्हा मंडळी दाराशी ताटकळत होती. नातू रागावून त्याच्या बोलीत म्हणाला, "आजोबा, कवापास्नं थांबालोय आम्ही!" एरवी मी ते वाक्य सुधारले असते. त्या दिवशी नाही सुधारले. आणि त्यानंतर आजवर नाही.